काचेकडून मागे

मे संपत आला की माझ्याकडे वायपरचं गिऱ्हाईक यायला लागतं. एरवी वर्षभर त्या दोन काड्यांची कुणाला आठवण नसते. वळवाचा एखादा पाऊस साताऱ्यात पोवई नाक्यावर गाठतो, काड्या काचेच्या मध्यावर येऊन थांबतात, आणि दुसऱ्या दिवशी मी शटर वर करायच्या आत माणूस दारात उभा. म्हणणं ठरलेलं असतं. "मिस्त्री, मोटर गेली. नवीन टाका."

मी मोटरला हात लावत नाही. दोन्ही काड्या काचेवरून उचलून धरतो आणि गिऱ्हाइकाला बटण दाबायला सांगतो. काडी हवेत असताना मोटर व्यवस्थित चालली तर दोष रबरात किंवा काचेत. तरीही रडतच चालली तर बॉनेटच्या मागची जाळी काढून मोटरचा क्रँक लिंकपासून सोडवायचा आणि मोटर एकटी फिरवून बघायची. बहुतेक वेळा एकटी मोटर छान पळते, आणि हाताने हलवून पाहिलं तर काडीचा स्पिंडल जागेवरून हलत नाही. माझे वस्ताद सांगायचे, वायपरचा दोष काचेकडून मागे शोधत यायचा. रबर बघ, काडी बघ, स्पिंडल बघ, मग लिंक, मग मोटर. वायर आणि स्विच शेवटी. गिऱ्हाईक मात्र मोटरपासून सुरुवात करतं, कारण मोटर विकत मिळते. स्पिंडलला ग्रीस नाही ही काही दुकानात मिळणारी वस्तू नव्हे.

स्पिंडल म्हणजे काचेखालच्या पत्र्यातून वर आलेली बोटभर दांडी. ती एका बुशात फिरते. त्या पत्र्याच्या खोबणीत झाडाचा पाला पडतो, पावसाचं पाणी साचतं, उन्हाळ्यात धूळ बसते. कंपनीने भरलेलं ग्रीस वीस-पंचवीस वर्षांत मेणासारखं घट्ट होतं आणि दांडी बुशाला धरते. मोटर बिचारी जोर लावत राहते. मोकळी असताना दोन-तीन अँपिअर घेणारी मोटर अडकली की दहाच्या पुढे जाते. मग फ्यूज उडतो. इथपर्यंत यंत्राने आपलं काम चोख केलेलं असतं. घोटाळा पुढे होतो. रस्त्यात कुणीतरी फ्यूजच्या जागी सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळून देतो, किंवा वायरीतली तांब्याची जाड तार. आता फ्यूज उडायचा प्रश्नच नाही. उडतं ते आर्मेचरवरचं वार्निश. आजवर माझ्या टेबलावर आलेल्या जळक्या मोटरींपैकी बहुतेक अशा जाळलेल्या होत्या, आपणहून जळलेली विरळा.

आमच्या भागात वायपर हे यंत्र जरा जास्तच तपासलं जातं, आणि तेही दोन उलट्या टोकांनी. सातारा जिल्ह्याच्या पश्चिमेला महाबळेश्वरात वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस. त्याच जिल्ह्यात पूर्वेला माण-खटाव, आणि खाली सांगली जिल्ह्यात आटपाडी, जत इथे जेमतेम पाचशेच्या आसपास. आंबेनळी किंवा केळघर घाटात जुलैमध्ये वायपर तासन् तास बंद होत नाही; तिथे मोटर तापते, गिअर झिजतो. जतच्या रस्त्याला पाऊस नसतो, पण काचेवर धूळ इतकी, की कोरडा वायपर फिरवला तर रबराखालचे वाळूचे कण काचेवर अर्धगोल ओरखडे काढतात. ते दिवसा दिसत नाहीत. रात्री समोरच्या गाडीचा दिवा आला की सगळी काच चमकून उठते. तिथे वॉशरचा पंप वायपरपेक्षा महत्त्वाचा. त्यात उसाचा हंगाम आला की कारखान्याच्या धुराड्यातली काजळी, ट्रॉल्यांनी उडवलेला फुफाटा, सांजवेळचे किडे, हे सगळं मिळून काचेवर चिकट थर बसतो. नुसत्या वायपरने तो पसरतो, निघत नाही. म्हणून घाटातला माणूस मोटरची तक्रार घेऊन येतो आणि दुष्काळी भागातला पंपाची. मधल्या कऱ्हाडचं गिऱ्हाईक दोन्ही आणतं.

घाटाचा विषय निघाला म्हणून सांगतो. जुन्या काही विलीज जीपांना विजेची मोटर नव्हतीच. इंजिनच्या मॅनिफोल्डमधल्या व्हॅक्यूमवर वायपर चालायचा. सपाटीला ठीक. चढाला ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला की व्हॅक्यूम पडतो आणि वायपर थांबतो. म्हणजे पसरणी घाट चढताना, नेमकं जिथे दिसायला हवं तिथे, काच आंधळी. वस्ताद सांगायचे की त्यांच्या तरुणपणी ड्रायव्हर वळणाआधी क्षणभर पाय उचलायचे, काडी एकदा सर्रकन फिरायची, आणि पुन्हा पाय खाली. मेरी अँडरसन नावाच्या अमेरिकन बाईंनी १९०३ मध्ये वायपरचं पेटंट घेतलं, तेव्हा तो आतून हाताने दांडा हलवून चालवायचा होता. आमच्या घाटात तो त्या व्हॅक्यूमपेक्षा बरा ठरला असता, असं मला अजून वाटतं.

आता ज्या गाडीसाठी हे लिहायला बसलो तिच्याकडे वळतो. सांगलीचे एक निवृत्त शिक्षक आहेत, आम्ही त्यांना सरच म्हणतो. त्यांच्याकडे ऐंशीच्या दशकातली प्रीमियर पद्मिनी आहे. पद्मिनी म्हणजे मूळची फियाट अकराशे. १०८९ सीसीचं इंजिन, स्टिअरिंगखाली गिअरचा दांडा. कुर्ल्याला प्रीमियर ऑटोमोबाइल्समध्ये ती बनायची. ही कंपनी वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये काढलेली. सर स्वतः सांगलीच्या वालचंद कॉलेजातून शिकलेले, त्यामुळे गाडी आणि डिग्री एकाच घराण्याची असं ते दर भेटीत सांगतात, आणि मी दर भेटीत पहिल्यांदा ऐकल्यासारखं हसतो. त्यांना मी एकदा भर घातली होती की आमच्या सातारारोडचा कूपर कारखानासुद्धा पुढे वालचंदांकडेच गेला. धनजीशा कूपरांनी उभा केलेला तो कारखाना. हे कूपर १९३७ मध्ये मुंबई प्रांताचे पहिले पंतप्रधान झाले होते. सर म्हणाले, "हे परीक्षेत विचारलं नाही कधी."

ऑगस्ट २०१९ च्या पुरात सांगलीत कृष्णा आयर्विन पुलाजवळ ५७ फुटांवर गेली. धोक्याची पातळी ४५ फूट. सरांची गल्ली पाण्यात, पद्मिनी छतापर्यंत. पाणी ओसरल्यावर इंजिन, गिअरबॉक्स, सीट, ब्रेक, सगळं तिथल्या माणसांनी खोलून धुतलं. वायपरकडे कुणी पाहिलं नाही. पाहणार तरी कशाला? पुरानंतर घरात चिखल असताना वायपर हा विषय नसतो. पुढच्या जूनमध्ये पहिल्या पावसात तो चालला नाही, मग तात्पुरतं काहीतरी झालं, मग पुन्हा बंद. असं करत काही पावसाळे काढून गाडी माझ्याकडे साताऱ्याला आली. सोबत चिठ्ठी: मोटर बदलावी, पंप बदलावा.

स्पिंडल अपेक्षेप्रमाणे धरलेले होते. रॉकेल टाकून दोन दिवस मुरू दिले, मग हलक्या हाताने फिरवत मोकळे केले. पुराचा गाळ साध्या गंजापेक्षा वाईट. कृष्णेचा गाळ फार बारीक असतो. तो ग्रीसमध्ये मिसळला की व्हॉल्व्ह घासायच्या पेस्टचं काम करतो. जितकी काडी फिरेल तितका बुश खातो. एका बाजूचा बुश इतका ढिला झाला होता की काडी काचेच्या कडेपर्यंत पोचून रबरी बीडिंगवर आपटायची. पितळेचा नवा बुश लेथवर करून घेतला. असली कामं साताऱ्यात अजून होतात. एका बुशासाठी लेथ लावणारा माणूस मिळणं हे शहर जिवंत असल्याचं लक्षण आहे असं मी समजतो.

मग मोटर. ती गाडीची मूळची नव्हती, आधी कधीतरी बदललेली, आत कायम चुंबकं असलेली. अशा मोटरीत पत्र्याच्या डब्याला आतून दोन अर्धगोल चुंबकं चिकटवलेली असतात. चुंबक गंजत नाही. त्याच्या मागचा पत्रा गंजतो, गंज फुगतो, आणि चुंबकाला ढकलून सोडवतो. इथे एक चुंबक सुटून आर्मेचरला घासत होतं. गंज खरवडून ते अरल्डाइटने परत बसवता येतं, पण आधी खूण करून ठेवावी लागते. दोन्ही चुंबकं उलटी बसली तर मोटर उलटी फिरते, आणि एकच उलटं बसलं तर फिरतच नाही. वायपरची मोटर उलटी फिरली तरी काड्या हलतातच, त्यामुळे कामगार खूश होऊन झाकण लावतो. घोटाळा कळतो तो काडी बंद करताना. ती जागेवर येऊन बसत नाही.

कम्युटेटरच्या फटीत गाळ आणि कार्बनची भुकटी जाऊन बसली होती. हॅक्सॉचं मोडकं ब्लेड पातळ घासून मी त्या फटी साफ करतो. तांब्यावरून एमरी पेपर फिरवायचा मोह होतो, पण एमरीचे कण फटीत अडकून राहतात. त्यापेक्षा साधा काचकागद बरा. आर्मेचर ग्राउलरवर ठेवून वरून ब्लेडचा तुकडा धरला, तर एका जागी तो थरथरायला लागला. म्हणजे आत शॉर्ट. हे मात्र माझ्या हातचं काम नव्हे.

ते काम सांगलीतल्या एका रिवाइंडिंगवाल्याचं. मला तो या सगळ्या गोष्टीतला खरा कारागीर वाटतो. त्याचा मुख्य धंदा शेतीच्या मोटरींचा. कृष्णा-वारणेच्या काठाने उपसा सिंचनाच्या मोटरी आहेत, विहिरींवर आहेत, बोअरमध्ये आहेत. उन्हाळ्यात व्होल्टेज पडलं की जळतात, पुरात बुडाल्या की भरतात. म्हणून या पट्ट्यात तालुक्याच्या गावी रिवाइंडिंगचं दुकान सापडतंच. कारचं आर्मेचर भरणारा माणूस पुण्यात शोधावा लागेल, आमच्याकडे तो उसामुळे घरबसल्या मिळतो. पाच-साडेसात हॉर्सपॉवरच्या मोटरी भरणारा हा माणूस रात्री दुकान आवरलं की वायपरचं पेरूएवढं आर्मेचर मांडीवर घेतो. जुनी तार उकलताना फेरे मोजतो, गेज मोजतो, एका कागदावर लिहितो. भरून झाल्यावर वार्निश करून शंभराच्या बल्बखाली सुकवतो. मी म्हटलं, "पाव्हणं, याचं तुम्हाला काय सुटणार?" तो म्हणाला, "काय न्हाई ओ. मोठ्या मोटरीत डोळं मिटून हात चालतोय. ह्येच्यात बघावं लागतंय, म्हणून घ्यायचं."

बसवताना आणखी एक जागा सांभाळावी लागते, पार्किंगची. बटण बंद केल्यावर काडी मध्येच न थांबता खाली येऊन बसते, कारण मोटरच्या झाकणात एक छोटा पॉइंट असतो. बटण बंद असलं तरी त्या पॉइंटमधून मोटरला करंट मिळत राहतो. गिअर ठरावीक जागी आला की पॉइंट तुटतो आणि मोटर थांबते. हा पॉइंट काळा पडला की काडी जिथे असेल तिथे थांबते, आणि चिकटला की थांबतच नाही. सगळं जोडल्यावर काड्या लगेच लावायच्या नसतात. आधी मोटर चालू करून बंद करायची, तिला आपली बैठक घेऊ द्यायची, आणि मग काड्या काचेच्या खालच्या कडेला ठेवून स्पिंडलवर दाबायच्या. नाहीतर पहिल्याच फेरीत काडी बॉनेटवर नाचते. अर्थिंगही बघायचं. मोटर पत्र्यावर ज्या स्क्रूने बसते तिथला रंग आणि गंज घासून लख्ख केला नाही तर नवी भरलेली मोटरसुद्धा आजाऱ्यासारखी फिरते. चालू मोटरच्या टोकाला मीटर लावला तर नऊ-दहा व्होल्ट दिसतात, उरलेले गंजात जातात.

पंपाचं प्रकरण मला जास्त आवडलं. सरांच्या गाडीत आधीच्या मालकाने विजेचा छोटा वॉशर पंप बसवला होता, आणि बसवला होता पाण्याच्या डब्याच्या वर, कारण तिथे स्क्रूला जागा होती. आत बोटाच्या पेराएवढा पंखा असतो. तो पाणी बाहेर भिरकावतो. असला पंप कोरडा असताना पाणी वर ओढू शकत नाही. विहिरीवरच्या पंपाला फूट व्हॉल्व्ह लागतो, प्रायमिंग लागतं, हे सांगली जिल्ह्यातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये औंध संस्थानच्या माळावर, कुंडलजवळ, किर्लोस्करवाडी वसवली. सुरुवात नांगराने झाली आणि नाव झालं पंपाने. त्या जिल्ह्यातल्या गाडीत पंप पाण्याच्या वर बसवलेला बघून मला हसू आवरेना. सरांना फोन करून सांगितलं, तर ते म्हणाले, "म्हणजे पंप चांगला आहे, विहीर चुकीची आहे?" तसंच होतं. पंप डब्याच्या तळाशी खाली घेतला, नळीत एक उलटं पाणी न येऊ देणारा व्हॉल्व्ह टाकला. वायरी आधी उलट्या जोडलेल्या होत्या. असा पंप उलटा फिरला तरी थोडं पाणी देतो, फक्त जोर नसतो, म्हणून कुणाला संशय येत नाही. थ्री फेजच्या मोटरीत दोन वायरी बदलल्या की पाणी धो धो येतं, तो अनुभव शेतकऱ्याला असतो. गाडीत मात्र त्याला तो आठवत नाही.

तरी काचेवर पाणी येईना. नोझल बंद. कृष्णाकाठच्या किती जमिनी जादा पाण्याने क्षारपड झाल्या हे शेतकरी जाणतात. तिथल्या बोअरचं पाणी डब्यात भरून वर्षभर बॉनेटखाली तापवलं की नोझलच्या भोकात पांढरा दगड तयार होतो. लोक त्यात सुई खुपसतात. सुईने भोक मोठं होतं आणि फवाऱ्याची धार होते. मी नोझल काढून लिंबूसत्त्वाच्या कोमट पाण्यात रात्रभर ठेवतो आणि वायरीतल्या एका बारीक तांब्याच्या तारेने साफ करतो. डब्याच्या तळाशी पुराचा गाळ अजून होता, चांगला दोन बोटं. सरांना ताकीद दिली, घरातल्या फिल्टरचं पाणी भरा, आणि कपड्यांची पावडर टाकू नका, ती वाळून काचेवर धूसर पडदा धरते.

हिशेब केला तेव्हा बाजारातल्या नव्या मोटरपेक्षा बिल थोडं जास्तच झालं. सर घासाघीस करणारे नाहीत, पण त्यांच्या चिरंजीवांनी फोनवर विचारलंच, की मग नवीन का टाकली नाही. खरं उत्तर असं, की नवीन आता कुठली? पद्मिनीचे सुटे भाग इतकी वर्षं मिळत राहिले ते मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीमुळे. हजारो टॅक्सी रोज धावायच्या, म्हणून भागांचा बाजार चालायचा, आणि त्यातलं उरलंसुरलं आमच्यापर्यंत यायचं. शेवटची पद्मिनी टॅक्सी २००३ च्या ऑक्टोबरात नोंदली गेली आणि वीस वर्षांची मुदत भरून २०२३ च्या ऑक्टोबरात रस्त्यावरून उतरली. तेव्हापासून जुन्या मालाची पेटी उघडली की त्यात दुसऱ्याच गाडीची मोटर असते, किंवा छाप पद्मिनीचा आणि आतला गिअर असा, की दोन पावसाळ्यांत दात गळतात. भरलेलं आर्मेचर आणि पितळेचा बुश माझ्या डोळ्यासमोर झालेले आहेत. चिरंजीवांना हे पटलं की नाही माहीत नाही. त्यांची गाडी पाऊस पडला की आपणहून वायपर चालू करते. मध्ये थांबून थांबून फिरणारा वायपर पद्मिनीला लावून द्या, रिले टाकला की होतं, असंही त्यांनी सुचवलं. होतं, खरं आहे. पण सरांनी नको म्हटलं. रिमझिमीत बटण दाबायचं, एक फेरी घ्यायची आणि बंद करायचं, हे ते इतकी वर्षं स्वतः करत आले होते आणि ते काम त्यांना कुणाला द्यायचं नव्हतं.

नोझलचा नेम धरताना मी गाडी उभी असताना पाणी काचेच्या जरा वरच्या भागावर पडेल असा ठेवतो. गाडी सत्तरने चालली की वारा धार खाली दाबतो आणि पाणी बरोबर मध्ये पडतं. सर गाडी घेऊन निघाले तेव्हा हायवेला पेठनाक्यापर्यंत ते उत्तम चाललं असावं. संध्याकाळी सरांचा फोन आला. गाडी सांगलीत, मारुती चौकातल्या गर्दीत, दहाच्या वेगाने. त्यांनी मोठ्या कौतुकाने काकूंना पंप दाखवायला बटण दाबलं, आणि धार काचेवरून, छतावरून, थेट मागच्या मोटरसायकलवाल्याच्या चष्म्यावर.

"मिस्त्री, जोर फार आहे हो पंपाला."

"गाडी बाजूला घ्या सर. नोझलच्या भोकात टाचणी घालून गोळी जरा खाली वळवा. भोक मोठं करू नका, नुसती वळवा."

"टाचणी कुठून आणू आता?"

मागून काकूंचा आवाज आला, की पिन देते, पण आधी त्या माणसाला रुमाल द्या.